बॅचचा वार, उपासाचा वार

सही सोमवारी दुपारी बाराच्या आत हवी होती आणि आज रविवार उजाडला होता. त्या एका कागदापायी शर्वाणीने गेल्या पंधरा दिवसांत सासऱ्यांना चारदा विचारलं होतं. चारही वेळा चंद्रहासरावांनी पेपरातून डोकं न काढता एकच उत्तर दिलं होतं, "बघू. रविवारी सगळे बसू, तेव्हा बोलू." या घरात 'बघू' म्हणजे नाही, एवढं तिला सोळा वर्षांच्या संसारात पुरतं कळलं होतं. 'रविवारी सगळे बसू' याचा मात्र नेम नव्हता. त्यातून कधी नवी व्हॅन निघायची, तर कधी कुणाची तरी नोकरी जायची.

कागद तसा साधा होता. कमलिनी फूड्सच्या लेटरहेडवर दोन वाक्यं: शर्वाणीने शारजातल्या हमरिया इथल्या आमच्या कारखान्यात प्रॅक्टिकलचे तास पूर्ण केले आहेत, आणि सप्टेंबरपासून तिने दिवसा, पूर्ण वेळ शिकायला आमची हरकत नाही. ती कंपनीच्याच व्हिसावर होती, त्यामुळे कंपनीच्या सहीवाचून पान हलत नव्हतं. कागद पोचला की कम्युनिटी कॉलेजातली तिची दोन वर्षं जशीच्या तशी धरली जाणार आणि युनिव्हर्सिटीत फूड सायन्सच्या थेट तिसऱ्या वर्षाला ती बसणार. नाही पोचला, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

आणि गंमत अशी, की हे कॉलेजचं खूळ मुळात तिचं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या सुपरमार्केटच्या माणसाने विचारलं होतं, तुमच्याकडे फूड सेफ्टी शिकलेलं कोण आहे? तेव्हा चंद्रहासरावांनीच फर्मान काढलं, घरातलंच कुणीतरी शिकू दे, बाहेरच्याला रेसिपी कशाला दाखवायची. मोठ्या जावेने, अस्मिताने, पाठीचं दुखणं पुढे केलं आणि माळ शर्वाणीच्या गळ्यात पडली. छत्तिसाव्या वर्षी! सकाळी सहाला बर दुबईहून निघायचं, दिवसभर कारखाना, पाचला तिथून परस्पर कॉलेज, रात्री घर. वर्गात सगळी एकोणीस-वीसची पोरं. माहनूर नावाची लॅबमधली जोडीदारीण पहिल्या दिवशी तिला टीचर समजून उठून उभी राहिली होती. पहिले चार महिने शर्वाणी नुसती नशिबाला बोल लावत जात होती. मग कधीतरी, लिंबाच्या लोणच्यात बुरशी का धरत नाही हे तिला आकड्यांत उलगडून दिसलं आणि ती त्यात अडकली ती अडकलीच. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला 'का?' असं विचारत होतं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेत होतं.

आता ते सुटेल ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. आणि दमायलाही झालं होतं, इतकं की सही मिळो न मिळो, दुपारी दोन तास कुणी उठवू नये एवढंच मागावं असं वाटत होतं.

स्वयंपाकघरात कमलिनीबाई आमटीला फोडणी देत होत्या. आज एकादशी. त्यांच्या स्वतःसाठी शेजारी वाटीत भगर झाकून ठेवली होती. शर्वाणी कोथिंबीर निवडायला बसली. बसल्या जागेवरून तिला सासूबाईंचे हात दिसत होते. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. वर्षभरात बाई निम्म्या झाल्या होत्या.

कमलिनीबाईंनी मापाचा चमचा घेतला, मिठात बुडवला, सुरीच्या पाठीने वरचं मीठ सपाट केलं आणि मग ते आमटीत टाकलं.

शर्वाणी बघत राहिली. हे चमचे तिनेच पहिल्या वर्षी कॉलेजातून आल्यावर आणले होते. तेव्हा याच बाईने अख्ख्या घरासमोर तिची टर उडवली होती, "मीठ हाताला कळतं गं, चमच्याला काय डोंबल कळणार?"

"आई, एक विचारू?"

"विचार. आधी ती कोथिंबीर इकडे दे."

"शनिवारचा उपास तुम्ही कधी सोडलात?"

कमलिनीबाईंचा डाव फिरत राहिला. "फेब्रुवारीत. साडेसाती संपली."

"कुणाची?"

"घराची. घरालाही असते."

"आणि मंगळवारचा धरलात."

"धरला. तुझ्या ताटातलं ओढून तर खात नाही ना मी? मग तुला काय त्रास?" एवढं बोलून त्यांनी आमटीवर झाकण ठेवलं, जरा जोरातच.

शर्वाणीने कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या. उत्तर तिला गुरुवारीच सापडलं होतं.

कमलिनी फूड्सची एकही बॅच कमलिनीबाईंच्या जिभेवर पडल्याशिवाय बाटलीत जात नसे. सत्याण्णव साली बर दुबईच्या दोन खोल्यांत पहिलं लोणचं घातलं तेव्हापासूनची ही रीत. हमरियाला कारखाना झाला, मशिनं आली, पण रीत तीच राहिली. लोणच्याची बॅच सोमवारी आणि गुरुवारी, गोड्या मसाल्याची शनिवारी. बाई व्हॅनमधून यायच्या, चमचाभर तळहातावर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे," किंवा "मीठ कमी आहे." त्यांचं म्हणणं रजिस्टरात लिहिलं जायचं. संकष्टी-एकादशीला मात्र त्या चाखत नसत. उपासाला मोहरी, मेथी, धने कसे चालतील? त्या दिवशी रजिस्टरात त्यांच्याच अक्षरात 'उपास' लिहिलेलं असायचं. महिन्याकाठी एखाद-दुसरी अशी नोंद. इतकं कोण मनावर घेतंय?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शर्वाणीने दोन वर्षांचं रजिस्टर कम्प्युटरवर चढवलं आणि तिचे डोळे फिरले. गेल्या सप्टेंबरपासून प्रत्येक सोमवारी 'उपास'. मग गुरुवारी. मग शनिवारी. एकशे सहा बॅचेस सासूबाईंनी चाखल्याच नव्हत्या. तरी घरात म्हातारपणी देवधर्म वाढला असंच सगळे म्हणत होते, आणि तीही म्हणाली असती. पण फेब्रुवारीत भाजणीचं मशीन बिघडलं, मसाल्याची बॅच शनिवारवरून मंगळवारी गेली, आणि पुढच्याच आठवड्यात सासूबाईंचा शनिवारचा उपास सुटून मंगळवारचा लागला. देव बॅचचं टाइमटेबल बघून वार बदलत नाही. बाईंना चाखायचं नव्हतं. का, याचा अंदाज तिला तेव्हाच आला होता; त्या मिठाच्या चमच्यानं तो आत्ता पक्का केला होता.

तीन दिवस ती हे एकटी घेऊन फिरत होती. नवऱ्याला, सिद्धार्थलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगावं तर घरात एकच विचार होणार: आईंची जीभ गेली, आता शिकलेली सून घरात आहे, तिला बसवा. न सांगावं तर उद्या एखादी बॅच खरंच बिघडून बाहेर जाईल, आणि तेव्हा आपल्याला ठाऊक होतं हे आयुष्यभर डोक्यात राहील. आणि राग तर इतका येत होता! दहा महिने ही बाई देवाच्या नावावर खोटं बोलत होती, आणि ते निस्तरणं मात्र आपल्याच नशिबी.

एकच्या सुमाराला सगळे जमले. वरच्या मजल्यावरून कुणाल आणि अस्मिता आले. कुणाल शर्वाणीचा मोठा दीर, कारखान्याचा सगळा व्यवहार त्याच्याकडे. सिद्धार्थ रविवार असून जबल अलीच्या बंदरात कंटेनर सोडवायला गेला होता. तो घामाघूम होऊन आला आणि हात धुऊन तसाच पानावर बसला. शर्वाणीची चौदा वर्षांची मुलगी अंतरा मोबाइल मांडीवर लपवून आजोबांच्या शेजारी.

पहिला भात होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग कुणालने खुर्चीखालून स्पायरल बांधलेली जाड वही काढून टेबलावर ठेवली. शर्वाणीचा प्रोजेक्ट.

"ऑफिसच्या प्रिंटरवर सापडला," तो म्हणाला. "शर्वाणी, पेज थर्टी-वन. हे काय आहे?"

"बॅचचा रेकॉर्ड आहे, दादा."

"ते दिसतंय. एकशे सहा बॅचेसपुढे तू लिहिलंयस, चव तपासलेली नाही. एकशे सहा! आणि हे तू कॉलेजात देणार? उद्या कुणा बायरच्या हातात पडलं तर? मग यल्ला, शटर ओढा आणि चला गुहागरला नारळ विकायला."

"अहो, पण कॉलेजात खोटं कसं लिहिणार ती?" अस्मिता म्हणाली. शर्वाणीने चमकून जावेकडे पाहिलं. अस्मिताने तिची बाजू घ्यायची ही अलीकडच्या काळातली पहिलीच वेळ. "तिला ॲडमिशन मिळालीय तर जाऊ दे ना. आपल्याच घराचं नाव होईल."

"नाव होईल की जाईल ते पेज थर्टी-वन वाचून सांग."

चंद्रहासरावांनी हाताने दोघांना थांबवलं. ते शर्वाणीशी बोलायला लागले, आवाज न चढवता. त्यांचा आवाज चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"शर्वाणी, तू मेहनत केलीस, मला दिसतं. डिप्लोमा होईल, भिंतीवर लागेल, बायरचं समाधान होईल. खलास. आता आणखी दोन वर्षं, तीही दिवसाची, कशाला? एका सेमिस्टरला एकवीस हजार दिरहॅम, म्हणजे पाच लाख रुपये झाले. बरं, पैशाचंही सोड. आपल्याला लॅब लागतच नाही. हिची जीभ आहे ना!" त्यांनी बायकोकडे बोट केलं, आणि त्या बोटात केवढा तरी अभिमान होता. "अठ्ठावीस वर्षांत एक बाटली परत आली नाही. कुठली युनिव्हर्सिटी शिकवणार हे?"

कमलिनीबाई खाली मान घालून भगर चिवडत होत्या.

"मग एकशे सहा बॅचेस आईने चाखल्या का नाहीत?" कुणाल काही सोडायला तयार नव्हता. "शर्वाणी, तुलाच विचारतोय. रजिस्टर तुझ्याकडे असतं."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. शर्वाणीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या वर बघत नव्हत्या. तो एवढासा अंबाडा, ते बारीक झालेले खांदे. तीन दिवस साठवलेला राग तिला ऐन वेळी सापडेचना.

"नोंद राहिली असेल," ती म्हणाली. "माझ्याकडून."

"एकशे सहा वेळा?"

"हो."

चंद्रहासरावांनी घास खाली ठेवला. "म्हणजे दोन वर्षं कॉलेजात जाऊन साधं रजिस्टर भरता येत नाही, आणि निघाली युनिव्हर्सिटीला."

सिद्धार्थ "बाबा..." एवढंच म्हणाला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला. अंतराने मोबाइल खाली ठेवला. "दॅट्स नॉट फेअर, आजोबा. शी वर्क्स सो हार्ड."

"तू जेव गं."

"तिला काही बोलू नका," कमलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी भगरीची वाटी बाजूला सारली. "तिने एकही नोंद चुकवलेली नाही. रजिस्टरात उपास लिहिलाय तो मी, माझ्या हाताने. आणि ते उपास खोटे होते. मला चव लागत नाही."

कुणालाच काही कळलं नाही. "म्हणजे? तोंड आलंय का?" अस्मिताने विचारलं.

"म्हणजे लागतच नाही. गेल्या ऑगस्टात मला आठ दिवस ताप होता ना, तेव्हापासून. वास नाही, चव नाही. मिरची झोंबते तेवढी कळते."

"लाइक, नथिंग ॲट ऑल?" अंतराने विचारलं.

"नथिंग, बाळा. मीठ नाही, साखर नाही. लिंबूसुद्धा नाही."

चंद्रहासराव हसले, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "काहीतरीच काय! परवा माझा चहा फिका झाला म्हणून तू दुसरा केलास."

"तुम्ही पहिला घोट घेता तेव्हा तुमच्या भुवया वर जातात. त्यावरून कळतं मला."

"आणि बॅचेस?" कुणालचा आवाज बसला होता. "माय गॉड, आई! एकशे सहा बॅचेस न चाखता बाहेर गेल्या?"

"अर्सलान चाखतो." अर्सलान हा लखनौचा सुपरवायझर, बारा वर्षं कारखान्यात. "त्याला मी विश्वासात घेतलं. बिचारा म्हणाला, अम्मा, बेफिकर रहिए. तो माझ्यासमोर चाखतो, मीठ-मसाला सांगतो. आंबट किती ते शर्वाणीने बसवलेल्या मीटरवर दिसतंच. मी आपली मान हलवते. तरी रजिस्टरात मी चाखलं असं लिहायला हात धजला नाही, म्हणून उपास." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "दिवाळीत तुम्ही बाटली उघडून म्हणालात ना, हल्ली लोणचं अगदी पहिल्यासारखं लागतं? ते अर्सलानचं."

एखाद्या वेळी यावर सगळे पोट धरून हसले असते. आज कुणी हसलं नाही.

सगळ्यात आधी सावरला तो कुणाल. धंद्याचा माणूस. "ओके. ओके. म्हणजे आता प्रश्नच मिटला. आईच्या जागी शर्वाणी. डिप्लोमा होतोच आहे, रजिस्टर माहीत आहे, घरातली आहे. अर्सलानच्या जिभेवर कंपनी नाही ना चालवता येणार. हे बाहेर कुठे बोलायचं नाही, आणि ते पान एकतिसावं काढून टाकायचं."

"बरोबर आहे," अस्मिता घाईघाईने म्हणाली. आईंची खुर्ची रिकामी झाली आणि शर्वाणी गेली तर त्या खुर्चीवर दुसरं कोण बसणार, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावरून सरकताना शर्वाणीने बघितला. "आता कसलं कॉलेज नि काय! आईंची तब्येत अशी. घर आधी बघायला हवं. माझी पाठ धड असती तर मीच..."

"केबिन देऊ तिला," चंद्रहासराव म्हणाले. कुणी हलवून जागं केल्यासारखा त्यांचा आवाज येत होता. "वेगळी केबिन. पगार वाढवू. शर्वाणी, मघाशी मी बोललो ते मनावर घेऊ नकोस. उद्यापासून आईच्या खुर्चीवर तू."

एवढ्या मायेने या घरात तिच्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. तिने सिद्धार्थकडे पाहिलं. अर्ज त्यानेच तिच्यासोबत बसून भरला होता. फोटो चिकटवताना म्हणाला होता, मॅडम, पास झाल्यावर ओळख ठेवा.

"शर्वाणी," तो हळू आवाजात म्हणाला, "एक वर्ष थांबू या का? फक्त एक वर्ष. सगळं जरा सेटल होईपर्यंत."

बस्स. इतर कुणी बोललं त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं. आणि लागलं तरी भांडायला उठावं एवढा जोर अंगात नव्हता. दोन वर्षांची झोप डोळ्यांत उतरली होती. हो म्हणून टाकावं. हो म्हटलं की उद्या सहाला निघायचं, पाचला सुटून थेट घरी यायचं, मुलीसोबत जेवायचं. परीक्षा नाही, जर्नल नाही, कुणापुढे हात पसरणं नाही. हो म्हणण्यात केवढी विश्रांती होती. तिने तोंड उघडलं.

"ठीक..."

"थांब," कमलिनीबाई म्हणाल्या. "तू काही बोलू नकोस."

त्या बोलायच्या आत चंद्रहासरावांनी विचारलं, "दहा महिने. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस तू. एकेचाळीस वर्षांच्या संसारात..."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

"काय म्हणजे? डॉक्टरकडे नेलं असतं."

"नेलं असतंत. आणि दुसऱ्या दिवशी?"

चंद्रहासरावांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"मी सांगते. दुसऱ्या दिवशी हिचं कॉलेज सुटलं असतं. आत्ता बघा ना! मी बोलून दहा मिनिटं झाली नाहीत, आणि तुम्ही हिला माझ्या खुर्चीवर बसवून मोकळे झालात. केबिनसुद्धा दिलीत. मला एकाने तरी विचारलं का, की आई, दहा महिने तुझ्या तोंडात अन्न गेलं कसं?" त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "ऑगस्टात तिचं एक वर्ष राहिलं होतं. म्हटलं, एवढं वर्ष मारून नेऊ. रोज रात्री दमून येते, जेवता जेवता डोळे मिटतात तिचे. आणि तरी पुस्तक उघडते. मी नाही असं काही केलं आयुष्यात, मला कुणी करूही दिलं नसतं. ते माझ्या जिभेपायी बुडू द्यायचं? उपास म्हटलं की या घरात कुणी पुढे विचारत नाही. म्हणून उपास."

रजिस्टरातला पहिला खोटा उपास पहिल्या सोमवारचा होता, सप्टेंबरच्या. ती तारीख तिने स्वतः टाइप केली होती. त्याच सोमवारी तिचं दुसरं वर्ष सुरू झालं होतं, आणि ती संध्याकाळी नवं जर्नल घेऊन कॉलेजला गेली होती. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने सगळे आकडे मांडले, सगळे वार जुळवले आणि निष्कर्ष काढला, की सासूबाई स्वतःसाठी खोटं बोलत आहेत. तीन दिवस मनातल्या मनात त्यांना बोल लावले. आणि ही सदुसष्ट वर्षांची बाई आठवड्यातून तीन-तीन दिवस खरोखर उपाशी राहत होती.

तिला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, ताटावर, नाक ओढत ती रडली. अंतरा उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

मग तिने पदराने तोंड पुसलं. "बाबा, मी जाणार," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण तिचाच होता. "अर्सलानला मी मीटर शिकवते. चव बघायला एकटा माणूस नको, चौघं हवीत, तीही मी निवडून, शिकवून तयार करते. सप्टेंबरपर्यंत होईल. मसाल्याची बॅच पुन्हा शनिवारी घेऊ, त्या दिवशी मी स्वतः येईन. पान एकतीस तसंच राहील, दादा, ते मी काढणार नाही. आणि बाबा, तुम्ही सही नाही केलीत तर माझी ही जागा जाईल, मला माहीत आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. त्याच्या पुढच्याही वर्षी करीन. पण आईंच्या खुर्चीवर बसणार नाही."

"आणि घर?" कुणाल म्हणाला. "कंपनी? आम्ही काय..."

"कुणाल," सिद्धार्थ म्हणाला. त्याने पेला खाली ठेवला. "पुरे. शनिवारी तिच्यासोबत मी जाईन. सोमवार-गुरुवार तू जा. तुझी जीभ धड आहे ना?"

अस्मिताने नवऱ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि पहिल्यांदाच तिला पाठीचं काही आठवलं नाही.

आमटीवर साय धरली. मग चंद्रहासरावांनी डाव्या हाताने खिसा चाचपला, चष्मा काढला, आणि उजवा हात उष्टा आहे हे लक्षात येऊन बेसिनपाशी गेले. हात धुतले. टॉवेलला पुसले, एकेक बोट. परत येऊन म्हणाले, "आण तो कागद."

अंतरा धावत गेली. त्यांनी कागद दोनदा वाचला. इंग्रजीतली ती दोन वाक्यं वाचायला एवढा वेळ लागत नाही, पण त्यांनी तो घेतला, आणि मग सही केली. बायकोकडे न बघता ते म्हणाले, "उद्या दहाला तयार रहा. डॉक्टरकडे जायचंय." आणि आत जाऊन पडले. त्यांच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

कुणाल-अस्मिता वर गेली. सिद्धार्थ ताटं उचलू लागला. शर्वाणीला वाटलं होतं, सही मिळाली की आनंदाने उडी मारावीशी वाटेल. तसलं काही झालं नाही. पुढची दोन वर्षं तिला दिसत होती, एकेक दिवस, रस्त्यावरच्या ट्रॅफिकसकट. कागद तिने प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातला, फाइल बॅगेत ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

कमलिनीबाई उरलेली भगर डब्यात काढत होत्या. पाठमोऱ्याच.

"आई," शर्वाणी म्हणाली. "आई, मला सांगायचं होतंत. मला तरी. एवढे दिवस उपाशी..."

"तुला सांगितलं असतं तर तू स्वतःच कॉलेज सोडून बसली असतीस. ओळखते मी तुला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं का ते दाबून पाहिलं आणि वळल्या. डोळे लाल होते, तोंड मात्र नेहमीसारखंच करारी. "जा आता, झोप जरा. आणि एक ऐकून ठेव. दोन वर्षांत कितीही दमलीस, रडलीस, तरी मधेच सोडून येऊ नकोस. दुसऱ्यांदा काही मी तुझ्यासाठी उपाशी राहायची नाही."